आल्यागेल्याची मूठ

आमच्या भंडाऱ्याच्या घरी आई भाताचे तांदूळ मोजून घेत असे. पितळेचे एक माप होते. ते ती डब्यात बुडवी, तळहाताने वरची शीग उतरवी आणि घरातल्या माणसांना पुरतील इतके तांदूळ ताटात ओती. इथवर सारे हिशेबाचे. पण डब्याचे झाकण लावण्यापूर्वी तिचा हात आणखी एकदा आत जाई आणि एक मूठ त्या तांदळांवर पडे. ही मूठ कुणाची, असे मी एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली, "आल्यागेल्याची."

आलागेला काही रोज येत नसे. तो न आला की तेवढा भात उरे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीला पडे. वडील कचेरीत कारकून होते. १९६६ साल दुष्काळाचे होते, रेशनच्या रांगा लांबल्या होत्या आणि घरात खाणारी तोंडे सात होती. वडिलांनी एका रात्री कागद घेऊन मांडणी केली. रोजची एक मूठ म्हणजे महिन्याला किती, वर्षाला किती, आणि पाहुणा येतो तो महिन्यातून फार तर चारदा. चार दिवसांसाठी तीस दिवस तांदूळ शिजवायचे हे शहाणपणाचे नव्हे, असे त्यांनी आईला सांगितले. हिशेब बिनचूक होता. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून मूठ बंद झाली. पहिले दोन महिने वडिलांचेच म्हणणे खरे ठरले.

पुढे काय झाले ते सांगण्यापूर्वी मला विमानांविषयी लिहायचे आहे. तांदळाच्या डब्यावरून विमानांवर जाणे वाचकांना विचित्र वाटेल. मलाही या दोहोंचा संबंध फार उशिरा कळला, आणि ज्या प्रसंगाने तो कळला तो मी सहसा कुणाला सांगत नाही.

२०१८ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. माझी थोरली बहीण, आक्का, नागपूरला आजारी होती. मी मुंबईला राहतो. सकाळी भाच्याचा फोन आला, "मामा, आज निघता आलं तर निघा." दुपारी अडीचला एका कंपनीचे विमान होते आणि रात्री सव्वाआठला दुसऱ्या एका कंपनीचे. रात्रीचे तिकीट अकराशे रुपयांनी स्वस्त होते. या अकराशे रुपयांचा उल्लेख टाळता आला असता तर मी टाळला असता. दुपारी बँकेतले एक काम उरकून घेता येईल, तयारीला वेळ मिळेल, सहा तासांनी असे काय बिघडते, अशी कारणे मी मनाशी जुळवली. ती खोटी नव्हती. पण दोन्ही तिकिटांची किंमत सारखी असती तर त्यांतले एकही कारण मला सुचले नसते.

सव्वाआठचे विमान साडेनऊला जाईल असे फलकावर आले, मग पावणेअकराला. सकाळी मुंबईत पाऊस कोसळून गेला होता, पण संध्याकाळपासून आभाळ उघडले होते आणि इतर विमाने येत-जात होती. दुपारचे विमानही तासाभराच्या उशिराने का होईना, केव्हाच नागपूरला पोचले होते. आमचे विमान मात्र सकाळपासून गावोगाव हिंडत, प्रत्येक ठिकाणी थोडा उशीर गाठीला बांधीत येत होते. अखेर ते आले, त्यातले उतारू उतरले, आणि मग आम्हांला सांगण्यात आले की वैमानिकांच्या कामाचे तास संपले आहेत, बदली वैमानिक उपलब्ध नाहीत, उड्डाण रद्द झाले आहे.

काउंटरवर एकच मुलगी होती आणि तिच्यापुढे आम्ही दीडशे माणसे. "सर, मला एवढंच कळवलं आहे," याखेरीज तिच्यापाशी सांगण्यासारखे काही नव्हते. मी तिला बोललो. काय बोललो ते लिहिण्याजोगे नाही. मागे उभ्या असलेल्या एका वृद्ध बाईंनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला केले, तेव्हा मला दिसले की त्या मुलीच्या संगणकाशेजारी तिचा जेवणाचा डबा तसाच, न उघडलेला पडला आहे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

त्याच सुमारास भाच्याने फोन आक्काच्या कानाशी धरला. "कुठवर आलास?" तिने विचारले. मी म्हटले, "निघतोच आहे." थोड्या वेळाने ती म्हणाली, "काही खाल्लंस का?" पहाटे चारला ती गेली. मी दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो.

विमानकंपनीमुळे माझी बहीण गेली असे मी म्हणत नाही. तिचे दुखणे तिच्याबरोबर होते. हुकली ती फक्त भेट. पण ही हुकलेली भेट कुणाच्या खात्यावर मांडायची, हा प्रश्न मला सोडीत नाही. कंपनीच्या, वैमानिकांच्या, त्या मुलीच्या, पावसाच्या, की माझ्या? उत्तर शोधायचे तर कंपन्या पैसा वाचवतात म्हणजे नेमके काय वाचवतात, हे समजून घेणे भाग होते.

प्रथम काटकसरीची बाजू मांडली पाहिजे, कारण ती बाजू लहान नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून जुहूच्या मैदानावर उतरले ते टपालाच्या थैल्या घेऊन. त्यानंतर कित्येक दशके विमान ही मोठ्या लोकांची गोष्ट राहिली. आमच्यासारख्यांनी ते अंगणात उभे राहून वर मान करून पाहायचे. हा उंबरठा बुटका केला तो काटकसरीने. टेक्ससमधल्या साउथवेस्ट कंपनीने १९७१ पासून एकाच जातीची विमाने, जेवणाला फाटा आणि जमिनीवर अगदी थोडा मुक्काम, असा रिवाज पाडला. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने भाडी आणि मार्ग यांवरचे सरकारी नियंत्रण उठवले. आपल्याकडे कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ साली एअर डेक्कन सुरू केली आणि आर. के. लक्ष्मण यांच्या कॉमन मॅनला आपले बोधचिन्ह केले. ते चिन्ह अगदी उचित होते. माझी आई २००६ साली, वयाच्या बाहत्तराव्या वर्षी, नागपूरहून मुंबईला विमानाने आली. आमच्या घराण्यात विमानात बसलेली ती पहिली बाई. विमानात फुकट काही मिळत नाही हे कळल्यावर तिला आनंदच झाला असावा. तिने दशम्यांचा डबा उघडला आणि शेजारच्या दोन अनोळखी माणसांना आग्रह करकरून दिल्या. डबा अर्थातच एका माणसाच्या भुकेपेक्षा जास्त भरलेला होता.

तेव्हा स्वस्त तिकिटाला नाक मुरडण्याचा अधिकार मला नाही. थाटमाट हा काटकसरीवरचा उतारा आहे असेही नाही. किंगफिशरचा थाट मोठा होता. २०१२ च्या ऑक्टोबरात तिची विमाने थांबली तेव्हा नोकरांचे महिनोन्‌महिन्यांचे पगार थकलेले होते. जेट एअरवेजसारखी नावाजलेली कंपनी १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. ज्या घरात महिनाअखेर चूल पेटत नाही, त्या घरात पाहुण्यासाठी मूठ कुठली ठेवणार? कंपनी टिकायची तर तिने खर्चाकडे पाहिलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की कात्री कुठे लावायची.

अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट क्रँडल यांची १९८० नंतरच्या दशकातली एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. जेवणातल्या सॅलडमधले ऑलिव्हचे एक फळ त्यांनी कमी केले आणि वर्षाला ४० हजार डॉलर वाचवले. ही गोष्ट व्यवहारचातुर्याचा नमुना म्हणून सांगतात आणि माझी तिच्याविषयी काही तक्रार नाही. ऑलिव्ह नसले तर ते नाही हे ताटातच दिसते. तीच गोष्ट पडद्यांची, वर्तमानपत्रांची, पाय पसरायला लागणाऱ्या जागेची. तिकीट घेताना मला ठाऊक असते की गुडघे आखडून बसावे लागणार, आणि मी ते पत्करतो. ही काटछाट उघड्यावर होते. तीत फसवणूक नाही.

दुसरी काटछाट दिसत नाही. रोज एखादे विमान, चार वैमानिक, काउंटरवर दोन जादा माणसे निव्वळ हाताशी ठेवायची, म्हणजे बहुतेक दिवशी बसून पगार द्यायचा. हिशेबनिसाला हे बोचते, आणि त्याचे बोचणे स्वाभाविक आहे. मग राखीव विमानालाही एक मार्ग नेमून दिला जातो, राखीव वैमानिकाला फेऱ्या लावल्या जातात, दोन फेऱ्यांमधला जमिनीवरचा वेळ अर्ध्या तासावर येतो. सारे सुरळीत असेपर्यंत हे यंत्र इतके डौलात चालते की पाहणाऱ्याने वाहवा करावी. पण एकच विमान दिवसात पाच-सहा फेऱ्या करते, तेव्हा सकाळी एका गावी धुक्याने खाल्लेला तास रात्री भलत्याच गावच्या माणसाला भरून द्यावा लागतो. मधे कुठे सवडच ठेवलेली नसते.

२०२२ च्या नाताळात अमेरिकेत हिमवादळ आले. इतर कंपन्या तीन-चार दिवसांत सावरल्या. साउथवेस्टला ते जमले नाही. आपला कोणता वैमानिक कोणत्या गावी अडकला आहे हे जुळवणारी तिची संगणकव्यवस्था जुनी होती. ती बदला असे वैमानिकांची संघटना कित्येक वर्षे सांगत होती. माणसे आपण कुठे आहोत हे आपल्याच कंपनीला कळवण्यासाठी तासन्‌तास फोन धरून बसली. सोळा हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली, वीस लाखांच्या घरात प्रवासी अडकले. पुढच्या वर्षी कंपनीला १४ कोटी डॉलर दंड झाला. एक लक्षात ठेवण्यासारखे आहे की ही कंपनी प्रेमळ वागणुकीबद्दल प्रसिद्ध होती. प्रेमळपणा खोटा नव्हता. पण न दिसणाऱ्या जागी वर्षानुवर्षे राहिलेली उणीव तो भरून काढू शकला नाही.

आपल्याकडे २०२५ च्या डिसेंबरात जे झाले ते अनेकांच्या अंगावरून गेले आहे. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर न्यायची होती आणि रात्री विमान उतरवण्याच्या खेपा सहावरून दोनवर आणायच्या होत्या. नियमांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला. देशातल्या दर दहा उतारूंपैकी सहांहून अधिक नेणाऱ्या इंडिगो कंपनीपाशी त्यासाठी लागणारी माणसे वेळापत्रकाच्या मानाने अपुरी पडली. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत अडीच हजारांच्या आसपास उड्डाणे रद्द झाली. कुणाचे लग्न, कुणाची परीक्षा, कुणाचे अंत्यदर्शन हुकले. अशा वेळी सरकारने काय केले? तिकिटांच्या दरांवर मर्यादा घातली, हे बरे झाले. आणि कंपनीला विश्रांतीच्या नियमांतून तात्पुरती सूट दिली. पुढे चौकशीतून निष्कर्ष निघाला तो असा की विमाने आणि माणसे यांचा पुरेपूर वापर करण्याच्या भरात वेळापत्रकात सवड राहिली नव्हती. कंपनीला २०२६ च्या जानेवारीत दंडही झाला.

त्या सुटीच्या बातमीपाशी मी बराच वेळ थांबलो. अडकलेल्या माणसांना घरी पोचवायचे तर दुसरा उपाय नव्हता, हे मला समजते. पण कंपनीने जी मूठ वाचवली होती ती शेवटी कुठून आणायची ठरली? वैमानिकांच्या झोपेतून. आणि मला भंडाऱ्याचे घर आठवले.

मूठ बंद झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी वडिलांचे मामेभाऊ आणि त्यांचा मुलगा न कळवता आले. पाने मांडली गेली. पाहुण्यांना, वडिलांना, आम्हां लहान भावंडांना पोटभर भात मिळाला. काही कमी पडले नाही. वडिलांच्या हिशेबाला त्या दिवशीही तडा गेला नाही, कारण पाने मोजली तर सगळी भरलेली होती. आईने आपले पान मांडलेच नव्हते. आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठी असलेली आक्का म्हणाली, "मला आज भूक नाही." मी आठ वर्षांचा होतो. तिला भूक नाही यावर मी तत्काळ विश्वास ठेवला आणि भात मागून घेतला.

मला जे कळले ते एवढेच. आल्यागेल्याची मूठ वाचवता येत नाही. ती डब्यातून काढली नाही तर कुणाच्या तरी पानातून काढावी लागते. आणि ज्याच्या पानातून ती जाते त्याला कुणी विचारलेले नसते. बहुधा तो असाच कुणी असतो की ज्याला नाही म्हणता येत नाही, किंवा ज्याचा स्वभावच नाही म्हणण्याचा नाही. विमानतळावर ती वैमानिकाच्या झोपेतून जाते, काउंटरवरच्या मुलीच्या डब्यातून जाते, उतारूच्या रात्रीतून जाते. कंपनीच्या जमाखर्चात ती बचत म्हणून दिसते, कारण या तिघांची खाती त्या वहीत नसतात.

या वाटेने आणखी पुढे गेले तर काय होते त्याचेही एक उदाहरण आहे. ३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे २६१ क्रमांकाचे विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत समुद्रात कोसळले आणि त्यातली सर्व ८८ माणसे गेली. शेपटीचा आडवा पंख हलवणाऱ्या मळसूत्राचे आटे वंगणाअभावी झिजून गेले होते. वंगण घालण्याच्या आणि झीज तपासण्याच्या पाळ्या कंपनीने लांबवल्या होत्या आणि सरकारी खात्याने त्याला मान्यता दिली होती. तपासमंडळाने या दोन्ही गोष्टी अपघाताला हातभार लावणाऱ्या ठरवल्या. स्वस्त कंपन्यांची विमाने पडतात असा याचा अर्थ नाही. अलास्का काही स्वस्तातली कंपनी म्हणून प्रसिद्ध नव्हती, आणि विमानप्रवास आज पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. मला दाखवायचे आहे ते इतकेच की पाळी लांबवणाऱ्यांपैकी कुणालाही माणसे मारायची नव्हती. प्रत्येकाने आपापल्या कागदावर थोडीशी शीग उतरवली होती.

म्हणून काटछाटीचे नैतिक माप मी असे मानतो: जिच्यामुळे एखाद्याचे नुकसान होणार, ती त्याला आधी दिसते का, आणि त्याने ती पत्करली आहे का? ऑलिव्ह या कसोटीला उतरते. राखीव वैमानिक उतरत नाही. तिकीट हे मुळात एक वचन आहे, आणि वचन पाळण्याची साधने आतल्या आत विकून टाकणाऱ्याने ते वचन द्यावयास नको होते. मग तिकीट कितीही स्वस्त असो.

हे लिहून मी कंपनीला दोषी ठरवून मोकळा होऊ शकतो. पण ते अकराशे रुपये मला तसे करू देत नाहीत. उतारू म्हणून मी कधी काय विचारतो? आम्ही तिकिटे शोधतो तेव्हा सर्वांत स्वस्त तिकीट यादीत सर्वांत वर असावे अशीच आमची इच्छा असते. कोणत्या कंपनीपाशी जादा वैमानिक आहेत हे यादीत लिहिलेले नसते, हे खरे. आणि जे दाखवलेच नाही ते मी निवडले नाही, हा दोष माझा म्हणता येणार नाही. परंतु आम्ही शेकडो वेळा वरचीच ओळ उचलली म्हणून ज्याने मूठ राखली त्याचे तिकीट खाली गेले, हेही तितकेच खरे आहे. आठ वर्षांच्या मुलाला बहिणीची भूक दिसली नाही याबद्दल त्याला कुणी बोल लावणार नाही. साठीच्या माणसाला ती सूट किती द्यावी हे मला ठरवता आलेले नाही. निम्मी द्यावी, असे मी कधी म्हणतो. मग त्या रात्री मी त्या मुलीला जे बोललो ते आठवते, आणि निम्मीही जास्त वाटते. कंपनीने जिच्या पानातली मूठ काढली होती, तिच्यावरच मी माझा राग काढला. ती कंपनी नव्हती. ती तिथे उभी राहिली होती, इतकाच तिचा अपराध.

आक्काच्या तेराव्यानंतर भाच्याने तिची पत्र्याची पेटी उघडली. तीत वडिलांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या; त्या तिने जपून ठेवल्या होत्या हे आम्हां कुणाला ठाऊक नव्हते. १९६६ ची वही मी चाळली. तांदळाचा आकडा एका महिन्यात खाली आला होता, पुढचे दोन महिने तसाच होता, आणि चौथ्या महिन्यात तो पुन्हा पहिल्याइतका झाला होता. वडील प्रत्येक वाढलेल्या खर्चापुढे बारीक अक्षरात कारण लिहीत असत. त्या आकड्यापुढे त्यांनी काहीच लिहिलेले नाही.